लॉगची प्रत

कल्पना करा, मुलांनो, तुमच्याकडे एक मोठी वही आहे. तिच्यात काहीही बदलायचं, तर आधी छोट्या वहीत टिपायचं: कुणी, केव्हा, काय बदललं. जलतरण तलावाच्या कार्यालयातल्या संगणकात अशीच छोटी वही होती. तिला म्हणत लॉग. आज दुपारी ती नाहीशी झाली, आणि तिच्यावाचून मोठी वही, म्हणजे डेटाबेस, उघडेना.

सकाळी शर्यत झाली होती. बत्तीस सेकंदांच्या आत येणाऱ्या मुली दूरच्या क्रीडाशाळेत राहायला जाणार होत्या. यादीत मासोळी नावाच्या मुलीची वेळ लागली तेहेतीस पूर्णांक आठ.

"माझ्या घड्याळात एकतीस पूर्णांक आठ होते!" प्रशिक्षक सर गरजले. "लॉग उघडा!"

तेवढ्यात लॉगच गायब.

"सरांनीच वेळ बदलून लॉग पुसला असणार, आणि वर हा आरडाओरडा," तिचा बाबा कळफलकावर बोटं चालवत म्हणाला. डेटाबेस सांभाळणं हे त्याचं काम. "आता नवा कोरा लॉग बांधतो. वही उघडेल, पण जुने बदल कुणी केले, ते मात्र कळायचं नाही. जाऊ दे गं मासोळे. तू गेली असतीस तर मला चहात साखर किती, ते कोण सांगणार होतं?"

मासोळी हसली नाही. सरांचा तिला भयंकर राग आला होता. आणि एकदम तिला आठवलं.

मागच्या सुट्टीत बाबानंच शिकवलं होतं: रोज जेवणाच्या वेळी लॉग पेनड्राइव्हवर उतरवायचा. "आणि एकाच प्रतीवर विसंबायचं नाही. एक प्रत म्हणजे कच्चं मडकं, कधी दगा देईल नेम नाही." आजही तिनं तो उतरवला होता, दोन पेनड्राइव्हवर: एक खिशात, एक कंपासपेटीत.

"बाबा, थांब! माझ्याकडे आहे!"

बाबा उठेपर्यंत तिनं खिशातला पेनड्राइव्ह शेजारच्या संगणकाला लावलाही. आता सर सापडणार! तिनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"अकरा चाळीस. एकतीस पूर्णांक आठच्या जागी तेहेतीस पूर्णांक आठ. बदल करणारा..."

पुढचं तिनं मनातच वाचलं. ज्या नावानं बाबा रोज संगणक उघडायचा, ज्याला सगळं कार्यालय हसायचं, ते नाव: मासोळीचा बाबा.

बाबानं हात पुढे केला. तिनं पेनड्राइव्ह काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"एवढी एकच प्रत आहे ना गं?"

"हो," मासोळी म्हणाली, आणि कंपासपेटी छातीशी धरून सरांच्या खोलीकडे चालू लागली.