मोठ्या मापाचे रूळ

टेबलावर दोन मापांची खेळण्यातली इंजिनं होती, एक वीतभर, एक बोटाएवढं. त्यातलं एक रुळांसकट दुकानदाराला आजच परत करायचं होतं. शांतलिंगअप्पा सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. लहान ठेवलं तर तेर गावचं स्टेशन, पूल, फाटक सगळं टेबलावर मावणार, पण रूळ सुतळीएवढे बारीक. मोठं ठेवलं तर टेबल अपुरं. तीस वर्षं रेल्वेत हातोडा घेऊन त्यांनी रोज चालत रूळ तपासले होते. निवृत्तीपासून पाय घरात ठरत नव्हते. गंगम्मा वैतागल्या. “अहो, तुमाला गाडी बघायचीय का रूळ?” अप्पा थबकले. टेबलच बाजूला सारलं आणि मोठे रूळ ओसरीवरून गोठ्यापर्यंत अंथरले. संध्याकाळी गंगम्मा चहा घेऊन आल्या, तर इंजिन टेबलावरच आणि हातोडा अप्पांच्या खांद्यावर. “गाडी कवा सोडणार?” “तपासणी झाल्यावर,” म्हणत अप्पा गोठ्यापासून पुन्हा माघारी फिरले.