कुमुद सिस्टरचा शब्द

वनिताच्या दंडावरचा पट्टा सोडवून कुमुद सिस्टर भिंतीवरच्या यंत्राकडे वळल्या. "बीपी फार चढलंय, हिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. तालुक्याला हलवायचंय. गाडी बोलव."

"अशा बाईला कुमुद सिस्टर हलवत नाहीत," यंत्र म्हणालं. "इंजेक्शन देऊन इथंच बाळंतपण करतात." आवाजही त्यांचाच होता.

नर्सना डॉक्टरांचे अधिकार मिळाले, तेव्हा निर्णय चुकू नयेत म्हणून सरकारनं जिल्ह्यातली सगळ्यात हुशार नर्स निवडली आणि तिचं आजवरचं सगळं काम यंत्राला शिकवलं. आता प्रत्येक उपकेंद्रात ते होतं, आणि त्याच्या होकाराशिवाय गाडी हलत नव्हती.

"अरे, तेव्हा नदीला पूल नव्हता!" सिस्टर ओरडल्या. "पाठवणार कुठून? हाताशी होतं त्यात निभावलं. आता पूल झालाय. आणि मीच कुमुद आहे!"

"आपण ड्यूटीवरच्या नर्स आहात. कुमुद सिस्टरचा निर्णय आपल्याला बदलता येणार नाही."

सिस्टरनी दारात उभ्या असलेल्या वनिताच्या नवऱ्याकडे पाहिलं. "जीप बघ कुणाची तरी. पळ!"

तो जागचा हलला नाही. "असं काय करता सिस्टर? माझ्या बहिणीला तुम्ही इथंच मोकळी केली होती की. यंत्र बरोबर सांगतंय."

वनितानं कण्हत त्यांचं मनगट धरलं. सिस्टर तिच्याशी बोलायला वाकल्या. तेवढ्यात भिंतीवरून त्यांचाच जुना, मायेचा आवाज आला.

"घाबरू नकोस गं. मी आहे ना."