चौथ्या खांबाचा दाब

"एक आणि दोन नंबरच्या खांबांवरचा दाब झपाट्यानं चढतोय, कृष्णाजी. माणसांना हलवा."

"कुठं हलवू, ताई? ते सांगा ना!" मुकादम खाणीतल्या फोनवर ओरडला. "बाहेरची वाट त्याच दोन खांबांमधून जाते. चौदा जण आहेत माझ्यासोबत. छत कडकड वाजून राहिलं."

होसकोट्याच्या ऑफिसात शिवलीलानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. हजार किलोमीटरवरच्या कोळशाच्या खाणीत छत पेलणारे सहा खांब तिच्या पडद्यावर सहा रेघा झाले होते. प्रत्येक खांबावरचा डबा तिथला दाब आणि तापमान मोजून इकडं पाठवायचा. पाच रेघा वर चढत होत्या. चौथी मात्र दोन दिवस सपाट. आजूबाजूला एवढा भार, मग मधल्या चौथ्यालाच कसा नाही? तापमानही तिथं चोवीस, बाकी सगळीकडे तेहतीस. तिचं डोकं चालेना.

तिनं दुसऱ्या फोनवरून साहेबाला गाठलं. मकरंद जयनगरात कुणासोबत तरी जेवत होता.

"अगं, चारजवळ हवा खेळती असेल. डेटावर विश्वास ठेव. डिसिजन तुझा हं."

डिसिजन हिचा! माणसं मेली तर सही हिची, वाचली तर फोटो त्याचा.

"कृष्णाजी, चौथ्याजवळ काय दिसतंय?"

"धूळ दिसते, अन् काय! मी आजच या पाळीवर आलो. तुमचं मशीन काय म्हणते?"

"तिथला दाब वाढत नाहीये म्हणतंय."

"मग बोला ना लवकर. पोरं भिऊन राहिली."

तिनं सहाही रेघा पुन्हा पाहिल्या. चौथी तशीच, ढिम्म.

"चौथ्याजवळ न्या सगळ्यांना. मी सांगेपर्यंत तिथून हलू नका."

बुटांची धावपळ, खोकला, दोन कचकचीत शिव्या. मग मुकादम चक्क हसला.

"पोचलो, ताई. चौदाच्या चौदा. लई उपकार झाले."

शिवलीलानं श्वास सोडला. तेवढ्यात चौथी रेघ धाडकन शून्यावर आली.

"कृष्णाजी! कृष्णाजी!"

"अवो, काय झालं? इथंच आहोत ना आम्ही, चौथ्याला टेकून."

रेघ शून्यावर, आणि माणूस तर बोलतोय. तिला काहीच कळेना.

दुरुस्ती विभागाच्या पद्मावती अक्का दारातून डोकावल्या. "स्वल्प चहा ठेवते गं, शिवलीला. किटलीसाठी एक प्लग काढलाय. खाणीतून दुरुस्तीला आलेला तो चार नंबरच्या खांबाचा डबा परवापासून माझ्या टेबलावर उगाच चालू होता."