लाल ठिपके
घरच्या शेडमध्ये बांधलेल्या विमानाचं इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. डेरिलने विमानाची शेपटी दोरखंडाने निलगिरीच्या झाडाला बांधली आणि इंजिनावरून टॉर्च फिरवला. नटानटावर आवळल्याची खूण म्हणून नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. त्याचा हात प्लास्टरमध्ये असताना पान्याचं काम बायकोने, नॉरीनने केलं होतं. “ठिपका दिसला की मी पाना लावत नाही. तुझ्यावर संशय घेऊन जेवायचं कुठे?” म्हणत तो विमानात बसला. नॉरीनला एक शनिवार छळत होता. त्या दिवशी क्लबच्या मैत्रिणी फाटकाशी हॉर्न वाजवत होत्या आणि तिने उरलेल्या नटांना नुसतेच ठिपके लावले होते. “डेरिल, उतर. काही नट मी आवळलेच नाहीत.” “कोणते?” “आठवत नाही.” मग उतरून त्याने पाना तिच्या हाती दिला आणि नेलपॉलिशची बाटली स्वतःच्या खिशात टाकली.