तर क ही अ ची कोण?

पोलीस भरतीच्या अभ्यासाला स्नेहल आत्याच्या गावी, नवलाख उंबऱ्याला, राहायला आली होती. आतेभाऊ स्वराजही तीच परीक्षा देणार होता. ओट्यावर बसून तो बुद्धिमत्तेचे प्रश्न विचारी आणि स्नेहल फाडफाड उत्तरं देई.

"अ च्या आईचा भाऊ ब. ब ची मुलगी क. तर क ही अ ची कोण?"

"मामेबहीण. लय सोप्पं."

"बायको!" आत घेवडा निवडत बसलेली आत्या ओरडली. भाचीला सून करायचं तिनं केव्हाच पक्कं करून टाकलं होतं.

स्नेहलचं डोकं फिरलं. "आत्या, असला पर्याय नसतो."

"आपल्यात असतो."

"मग माझं उत्तर, माहिती अपुरी! अ च्या आईनं ठरवलं, ब नं मुंडी हलवली. क ला इचारलं का कुणी?"

आत घेवडा मोडायचा आवाज थांबला. स्वराजचे कान लाल झाले. त्यानं मांडीवरचं पुस्तक उचलून तिच्यापुढं धरलं. ते मिटलेलं होतं.

"ह्यात न्हाईच हा प्रश्न," तो म्हणाला. "मीच इचारला."