आरशातली मांजर

"पेंटरकाका, भिंत समोर असताना फोटो आरशाचा काढताय?" आरसेवाल्याने विचारलं.

"आरशात रंग खुलतात," पेंटर म्हणाला आणि त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

आरसेवाला हसला. जुन्या बाजारात फुटपाथवर तो आरसे मांडून बसायचा आणि समोरच्या भिंतींवरची चित्रं त्यांत उतरायची. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला या वयात हे खूळ कुठून लागलं, याचं बाजाराला कोडंच होतं.

आजची भिंत मात्र नवी होती. गोदामाच्या बंद दाराशेजारी तुटक्या शेपटीची मांजर, रंग अजून ओला. पेंटर तिच्यासमोर बराच वेळ नुसता उभा राहिला. मग नेहमीच्या सवयीने त्याने आरसेवाल्याला एक आरसा तिकडे उचलून न्यायला लावला आणि त्यातला फोटो काढला.

तशी मांजर पेंटरच्या घरी होती. मुलगा लहानपणी तिचीच चित्रं काढत बसायचा, डाव्या हाताने. त्या हाताने पाटीवरची ओली अक्षरं पुसली जातात म्हणून पेंटर त्यावर पट्टी मारायचा. एक दिवस मुलगा कुंचले टाकून गेला तो गेलाच. बायकोने अंथरूण धरलं. पुढे बाजारातल्या भिंतींवर मांजरी दिसू लागल्या, आणि फोटो पाहून ती उठून बसू लागली, दोन घास खाऊ लागली. पोरगं इथेच कुठेतरी आहे, एवढ्या आशेवर तिचा जीव तगून होता.

"आणलात?" तो घरात शिरताच तिने भिंग हातात घेतलं.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. डावऱ्याच्या रेघा डावीकडे झुकतात, उजव्याच्या उजवीकडे, हे तिला कोणी सांगायला नको होतं. आजवरच्या प्रत्येक फोटोवर "माझ्या डावऱ्याचाच हात" म्हणत तिने बोट फिरवलं होतं.

आज ते बोट थांबलं.

"हे त्याचं नाही हो."

"नीट बघ जरा."

"बघितलं. मिशा, शेपूट, सगळं हुबेहूब आहे. पण रेघा उजवीकडे झुकल्यात. कोणीतरी नक्कल केलीय मेल्याने." तिने फोटो बाजूला सारला. तिचे डोळे भरून आले.

पेंटर चपलाही न घालता जिन्याकडे धावला.

"अहो, कुठे निघालात?"

"त्याला आणायला!" त्याला हुंदका आवरेना.

आजवरची प्रत्येक मांजर त्याने स्वतःच्या उजव्या हाताने रंगवली होती आणि आरशात डावरी करून घरी आणली होती. आजची तेवढी त्याची नव्हती.