नाव सांगणारा डबा

"पैसं खिशात ठेव. आधी डबा बोलू दे," रखमाजी अण्णा म्हणाले.

लोणीहून आलेला दादाभाऊ नोटा हातात धरून तसाच उभा राहिला. बाहेर त्याचा टेम्पो चालूच होता. "काय राव अण्णा! रोकडा घिऊन उभा हाय, अन् तुमी डब्याची वाट बघताय? कांदा शेतात पडलाय माझा."

"पडू दे. भवानी झाल्याबिगर गोणीला हात न्हाई लावायचा."

मंचरच्या बाजारात अण्णांचं बारदानाचं दुकान होतं. रिकाम्या गोण्या, सुतळी, गोण्या शिवायचे दाभण. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय ते पुढचं गिऱ्हाईक करत नसत, आणि गेलं वर्षभर ही भवानी डब्यावरच व्हायची.

उदबत्तीचा धूर अजून वर जात होता, तोच गल्ल्यावरचा डबा बोलला, "अकरा रुपये मिळाले."

अण्णांनी डबा उचलून कपाळाला लावला. पूर्वी पहिली नोट लावायचे, तसाच. मग वळून म्हणाले, "हं, बोल. किती गोण्या?"

स्टुलावर बसलेल्या भरतला हसू आलं. पिंपरी पेंढारचा हा पोरगा या डब्याच्या कंपनीचं काम करायचा. कंपनीचं आधी नुसतं बाजारभाव सांगणारं ॲप होतं. मग ती ऑनलाइन पैशांच्या धंद्यात उतरली आणि भरतने दुकानोदुकानी असे बोलणारे डबे बसवले. अण्णांकडे डबा बसला आणि थोड्याच दिवसांत रोज सकाळी हे अकरा रुपये यायला लागले. "कंपनीच देत आसंल, न्हाई का रं भरत?" अण्णांच्या बायकोने, अंजनाकाकूंनी, तेव्हा विचारलं होतं. कंपनी असलं काही देत नव्हती. पण काकू त्याच्याकडे अशा काही बघत होत्या, की तो "हो काकू, स्कीम आहे" म्हणून मोकळा झाला. त्याचा डबा दुकानात टिकल्याशी काम.

आता कंपनीने नवा डबा काढला होता. हा पैसे पाठवणाऱ्याचं नावही सांगायचा. जुने डबे या महिन्यात परत गेले नाहीत, तर भरतच्या नोकरीचं काही खरं नव्हतं.

दादाभाऊचा टेम्पो गेल्यावर त्याने पुन्हा विषय काढला. "अण्णा, घ्या की. कुणी दिले, कुणी नाही, सगळं कळतं."

"मला न्हाई कळून घ्यायचं."

"फुकट आहे, अण्णा."

"कोण काय घेतं, ते रस्त्याला वरडून सांगायचं व्हय? पैसं आलं, एवढं बास. माझा जुनाच बरा."

"तशी नावं मोबाईलवर दिसतातच."

"त्यातलं बारीक मला दिसत न्हाई," अण्णा म्हणाले आणि वरच्या खिशातला मोबाईल चाचपून पुन्हा नीट ठेवला.

भरतची नजर भिंतीवर गेली. गणपतीशेजारी एक खिळा रिकामा होता. "इथं रत्नाताईचा फोटो होता ना? गोण्यांच्या थप्पीवर बसलेली?"

कोपऱ्यात बसलेल्या काकूंनी सुतळीचं बंडल उगाच सोडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं. लहानपणी अण्णांची ही लेक शाळेत जाताना बापाकडूनच नाणं घ्यायची, गिऱ्हाईक होऊन ते बापालाच द्यायची आणि म्हणायची, "शेठ, भवानी करा." मोठी झाल्यावर तिने घरी न सांगता लग्न केलं. त्या दिवशी अण्णा भावकीसमोर म्हणाले होते, "तिचं नाव ह्या दुकानात निघायचं न्हाई. तिच्या घरचा पैसाबी नको." तेव्हापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. आज भरतने घेतलं, तर अण्णा जेवायला निघून गेले.

मग भरतने पिशवीतून नवा डबा काढला. दिसायला हुबेहूब जुन्यासारखा.

"काकू, हा बसवतो. आवाज जरा मोठा आहे, एवढंच."

"बाकी समदं तसंच ना रं?"

"तसंच, काकू."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. अण्णा चिडले तर समजूत काढावी म्हणून. दादाभाऊही हजर होता, गोण्या कमी पडल्या होत्या.

"बोलला का न्हाई तुमचा देव?" दादाभाऊने विचारलं.

"गप. बोलंल."

आणि डबा बोलला. मोठ्याने, पार रस्त्यापर्यंत. "रत्ना सुदर्शन पोखरकर यांच्याकडून अकरा रुपये मिळाले."

अण्णांचा डब्याकडे निघालेला हात मधेच थांबला. काकूंनी तोंडाला पदर लावला.

"रत्ना?" दादाभाऊ हसला. "म्हंजी आपली रत्नाच की, अण्णा! अन् तुमी तर म्हणत व्हता, तिच्या घरचा पैसाबी..." पुढचं त्याने गिळलं.

अण्णांनी त्याच्या हातातल्या नोटा घेतल्या. मोजल्या नाहीत, कपाळालाही लावल्या नाहीत. गोण्या मोजून दिल्या. टेम्पो गेल्यावर त्यांनी डब्याची वायर काढली, नीट गुंडाळली आणि डबा भरतच्या मांडीवर ठेवला.

"अण्णा, चुकलं माझं," भरत घाईघाईने म्हणाला. "जुना गाडीतच आहे, परत लावतो. पण मला खरंच माहीत नव्हतं हो, पैसे ताईचे आहेत ते. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

अण्णा रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

"वरीसभर रोज सकाळी लेक दुकानात यिऊन जायची माझी," ते म्हणाले. "आज तू डब्याला तिचं नाव घ्यायला लावून तिला घालवलीस."